दहा घोड्यांची खांदशेकणी

मी माझ्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये दहा मुठी हळद घातली.

मोजून दहा. मूठ माझी, मोटार माझी आणि अक्कलही माझीच. तिच्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. ही गोष्ट मी आजवर लग्नाच्या मांडवांत, कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत आणि दोनदा तर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा सांगितली आहे आणि दर वेळी हशा मिळवला आहे. पण मी ती नेहमी अर्ध्यावर थांबवतो. मोटार जंगलात वाफा सोडत उभी राहते, लोक पोट धरून हसतात, मी तोंडात पान टाकतो. संपली गोष्ट. पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. पुढचं आठवलं की आजही कानशिलं तापतात, आणि ज्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते तो माणूस माझ्याच चपला घालून हिंडत असतो.

साठ साल उजाडायच्या आधीची दोनेक वर्षं. वकिली सुरू करून मला चार वर्षं झाली होती. यवतमाळच्या कोर्टात माझ्याहून वयानं, कामानं आणि पोटानं मोठे वकील टांग्यातून येत. मी मोटारीतून जाई. मोटार लढाईच्या आधीची, विलायती, चार सिलिंडरची. माझ्याआधी तिचे तीन मालक होऊन गेले होते: एक कंत्राटदार, एक डॉक्टर आणि एक मालगुजार. तिला विकताना तिघांनीही मोठा सुस्कारा सोडला असणार. मला तो ऐकू आला नाही, कारण मी तेव्हा हॉर्न वाजवून बघत होतो. हँडल मारल्याशिवाय ती सुरू होत नसे, आणि हँडल बहुतेक वेळा माझे अशीलच मारत. एवढं करून त्यांचा समज असा की आपला वकील मोठा आहे.

त्या डब्याची मोटार केली ती मिस्त्रींनी. एसटी स्टँडच्या मागे कडुनिंबाखाली त्यांची टिनाची शेड होती. पन्नाशीचा, हाडाचा, कमी बोलणारा माणूस. लढाईत आसामच्या बाजूला मिलिटरीच्या लॉऱ्या दुरुस्त करून आलेले. छप्पन साली नागपूरला जाऊन त्यांनी धर्म बदलला आणि परत आल्यावर शेडमधला मारुतीचा फोटो उतरवून तिथे बुद्धाचं चित्र लावलं. त्या एका महिन्यात त्यांची निम्मी गिऱ्हाइकं गेली.

"फोटो बदलला तं कार्बुरेटर बिघडते का, वकीलसाहेब?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. चिडून नव्हे. खरोखरच कळून घ्यायचं असल्यासारखं.

मी गिऱ्हाईक म्हणून टिकून राहिलो. त्याचा मला केवढा अभिमान! त्यांच्या शेडमध्ये बसून त्यांच्या कपातला चहा मी चारचौघांदेखत पीत असे, आणि पिता पिता कोण कोण बघतंय हेही बघून ठेवत असे.

त्या उन्हाळ्यात मिस्त्रींनी माझं इंजिन पुरतं उघडलं. व्हॉल्व्ह घासले, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, बेअरिंगं कुठे घासतात ते दिसावं म्हणून नीळ लावून खरवडली, बसवून पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा खरवडली. सोळा दिवस. सतराव्या दिवशी इंजिन सुरू केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बराच वेळ ओणवे उभे राहिले. मग म्हणाले, "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह जरासा बोलून राह्यला. बोलू द्या. अजिबात न बोलणारं इंजिन एक तं नवं असते, नाई तं मेलेलं."

मग त्यांनी मला समोर उभं करून धडे दिले. रोज सकाळी तेलाची पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची. आठवड्याला प्लग साफ. आणि पाणी.

"ह्या गाडीत पाणी ढकलाले पंप नाई. तापलं की पाणी आपल्या आपण वर चढते, जाळीत थंड होते, खाली उतरते. कोणाच्या सांगण्यानं नाई, स्वतःच्या मर्जीनं. तुमचं काम एकच. वरचं झाकण उघडलं की गाळलेलं पाणी टाकाचं. दुसरं कायबी नाई."

"दुसरं काय टाकणार मी?" मी हसून विचारलं.

"लोक टाकतात, बाप्पा," मिस्त्री म्हणाले.

श्रावण सरता सरता रेडिएटरच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकायला लागलं. मिस्त्रींनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "जुना सांधा सुटला. डाग द्या लागन. दोन दिवस ठेवा गाडी." मी म्हटलं, छे, परवा पोळा आहे, बाभुळगावला सासुरवाडीला जायचं आहे. जावई मोटारीतून उतरणार, असं पत्र मी आधीच धाडून बसलो होतो. त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका ट्रक-ड्रायव्हरनं मला उपाय सांगितला. वाटेत रेडिएटर गळायला लागला तर मूठभर हळद टाकायची. ती फुगून भोक बुजवते आणि पुढच्या गावापर्यंत नेते. मूठभर. पुढच्या गावापर्यंत. हे दोन्ही शब्द मी ऐकले होते, हे आज शपथेवर सांगतो.

आता दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप कोमट करून चोळायचं, पळसाच्या पानानं शेकायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. माझ्या घराशेजारीच एका शेतकऱ्याचा गोठा होता. त्याच्या तीन जोड्या. गल्लीतले दहा-वीस लोक जमलेले. मी माझी मोटार गोठ्याच्या रांगेत सातवं जनावर म्हणून उभी केली. लोक हसले. झालं! लोक हसले की माझ्यातला शहाणा माणूस उठून घरी जातो.

मी बॉनेटला हळद-तूप चोळलं. हेडलाइटशी तोंड नेऊन आवतण दिलं. शेतकरी म्हणाला, "वकीलसाहेब, आमच्या एका बैलाले एक मूठ हयद लागते. तुमच्या ह्या म्हशीले किती?"

"म्हैस कशाला म्हणता?" मी म्हटलं. "पुस्तकात लिहिलं आहे, दहा घोड्यांचं बळ. दहा मुठी!"

केवढा हशा पिकला. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, तेवढ्यावर थांबायचं. पण उमरखेडकडच्या एका अशिलानं ताज्या दळलेल्या हळदीचं पोतडं आणून दिलं होतं, ते घरात होतं. रेडिएटर गळत होता. ड्रायव्हरचा उपाय डोक्यात होता. आणि लोक अजून हसत होते. गल्ली पांगल्यावर मी मोटार अंगणात घेतली, झाकण उघडलं आणि एक, दोन, तीन असं मोजत दहा मुठी आत सोडल्या. पत्नी उंबऱ्यात उभी होती.

"अहो, मिस्त्रींना विचारलंत का?"

"मिस्त्रींना विचारून पोळा साजरा करायचा का आता?"

"मी पोळ्याचं नाही विचारलं," ती म्हणाली आणि उरलेली हळद उचलून आत घेऊन गेली. स्वयंपाकाला तरी राहावी म्हणून.

ठिबकणं थांबलं. खरंच थांबलं. बाभुळगावला मोटार पोचली. वाटेत झाकणाखाली थोडं फुरफुरलं, पण आभाळ भरलेलं होतं, गारवा होता, निभावलं. पुढचे दीड महिने घर ते कोर्ट, कोर्ट ते घर, मैलभराची वाट. इंजिन नीट तापायच्या आतच मुक्कामाला पोचायचं. बॉनेटमधून वरणाला फोडणी दिल्यासारखा वास यायचा, तेवढंच.

दसऱ्याच्या सुमारास मिस्त्रींनी मला एक काम सांगितलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. माझे एक अशील होते, जिनवाले शेटजी. त्यांच्या सरकी काढायच्या जिनिंगमधलं मोठं ऑइल इंजिन, दोन ट्रक आणि घरची मोटार, या सगळ्याची देखभाल ते दिवाळीनंतरच्या कापसाच्या हंगामासाठी एका माणसाच्या हाती देणार होते. अमरावतीचा एक मिस्त्री त्यांच्या मनात होता.

"माह्यं नाव शेटजीच्या कानावर टाका," मिस्त्री म्हणाले. "वशिला नोका लावू. तुमच्या गाडीत बसवा अन् आणा फिरवून. इंजिन ऐकू द्या त्याईले. मंग जे म्हणतीन ते म्हणतीन." मग पुढे म्हणाले, "जिनचं काम असलं म्हंजे ह्या निंबाखाली बसून गिऱ्हाईक कवा येते ते पाहा लागत नाई. अन् गावानं एकदा पाह्यलं का शेटजीचं इंजिन कोणाच्या हातात हाय, तं मंग फोटो कोणाचा लावला ते कोणी इचारत नाई."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. शेटजींची पांढरकवड्याच्या कोर्टात तारीख होतीच. म्हटलं, तुम्ही माझ्या मोटारीतून चला. हे इंजिन ज्यानं बांधलं त्याची परीक्षा वाटेत तुम्हीच घ्या. शेटजी कबूल झाले. मिस्त्रींनी निरोप धाडला: आदल्या दिवशी गाडी शेडवर आणा, एकदा नजर फिरवून देतो. मी नेली नाही. झाकण उघडलं की वास येणार, वास आला की मिस्त्री माझ्याकडे बघणार, आणि त्यांचं ते बघणं मला नको होतं. त्यांचं वर्ष ज्या मोटारीवर टांगलेलं होतं, ती मी त्यांच्या नजरेपासून लपवली.

ऑक्टोबरचं ऊन आमच्याकडे कसं असतं ते सांगत नाही. सागाच्या जंगलात शिरेपर्यंत शेटजी खूश होते. "आवाज गोड आहे हो," असं दोनदा म्हणाले. पांढरकवडा दहा-बारा मैलांवर राहिला असेल, तेवढ्यात एक लांब चढ लागला आणि झाकणातून वाफेची शिट्टी सुरू झाली. थांबायला हवं होतं. पण शेटजींनी घड्याळ काढलं, आणि मी घोडे चढावर हाकतात तशी मोटार हाकली. माथ्यावर पोचता पोचता आतून दगड आपटल्यासारखे आवाज येऊ लागले, बळ गेलं आणि मोटार उभी राहिली. मी घाईनं ओहोळाचं थंडगार पाणी डब्यात भरून आणलं आणि त्या लाल तापलेल्या इंजिनात ओतलं. तापल्या तव्यावर कोणी घागर ओतत नाही. मी ओतली. आत टण्णकन काहीतरी तडकलं. तेलाची पट्टी काढून बघितली, तर तिच्यावर तेलाची आणि हळदीच्या पाण्याची केशरी बासुंदी.

मांडवात गोष्ट संपते ती इथे. शेटजींनी धोतर सावरत विचारलं, "वकीलसाहेब, हेच का ते इंजिन?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यातच बांधलं होतं मिस्त्रींनी."

या वाक्यात एक अक्षरही खोटं नाही. वकिलाला खोटं बोलावं लागत नाही. खरं कुठे थांबवायचं एवढं कळलं की भागतं. मी 'पण' म्हणून पुढचं बोलणार होतो असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. तो 'पण' माझ्या तोंडून निघाला नाही. हळद म्हटलं की शेटजी हसले असते, आणि जंगलात, घामानं थबथबून, काळा कोट चिखलानं माखलेला असताना मला माझं हसं करून घ्यायचं नव्हतं. लोकांनी मला हसावं म्हणून मी जन्मभर धडपडत आलो आहे. फक्त कधी हसायचं ते मी ठरवत असे.

शेटजी रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही भला माणूस आहात. पण ह्या लोकांना डोक्यावर घेतलं की हे असं होतं. कालपर्यंत काय करत होते, आज इंजिनं बांधतात."

मी समोरच्या सागाकडे बघत राहिलो. चांगला उंच साग होता. त्याच्या पानांना किडीनं जाळी पाडली होती. आजही तसंच्या तसं दिसतं, इतकं मी ते नीट बघितलं. कारण शेटजींकडे बघायचं नव्हतं आणि तोंड उघडायचं नव्हतं. मिस्त्रींचा चहा चारचौघांदेखत पिणारा मी! एसटी आली, आम्ही चढलो, तारखेला उशिरा पोचलो, पुढची तारीख मिळाली. शेटजींनी परत आल्याबरोबर अमरावतीला पत्र टाकलं.

मोटार बैलजोडी लावून ओढत आणली. मिस्त्रींनी ती बघितली. इंजिनाचं हेड उतरवलं. आतलं सगळं जळून, गंजून असं काळं-तांबडं झालं होतं की हळदीचा रंगही उरला नव्हता आणि वासही. गॅस्केट फाटलेली, हेड वाकलेलं, एका कडेला केसाएवढी चीर. आता माझा राग ज्याच्यावर आहे तो माणूस बघा. मिस्त्री चार दिवस स्वतःची चूक शोधत होते. बोल्ट मधून बाहेर अशा क्रमानं आवळले होते की नाही, गॅस्केट बसवताना कण राहिला होता का, रिंगा घट्ट झाल्या होत्या का. "माहा हात चुकला असन," असं म्हणायचे आणि पुन्हा काच ठेवून हेडची सपाटी तपासायचे. मी रोज संध्याकाळी कोर्टातून येऊन तिथे उभा राहायचो. चहा प्यायचो! "होतं असं, मिस्त्री," म्हणायचो. ते मान हलवायचे. त्यांनी शेटजींना निरोपही पाठवला की काम मला देऊ नका, पण वकीलसाहेबांची गाडी मी माझ्या पदरचं घालून पुन्हा बांधून देतो, तेवढी येऊन ऐका. शेटजींनी उत्तर दिलं नाही.

पाचव्या दिवशी त्यांनी रेडिएटरची खालची नळी सोडली.

मी शेडमध्ये शिरलो तेव्हा ते स्टुलावर बसले होते. समोर घमेलं. "इकडं या," ते म्हणाले. "हात पुढं करा."

मी हात पुढे केला. त्यांनी घमेल्यातला पिवळा चिखल बोटांवर घेऊन माझ्या तळहातावर थापला.

"वास घ्या."

मी घेतला.

"काय हाय?"

"हळद."

"कोणं टाकली?"

"मी."

"किती?"

"दहा मुठी."

"दहा काहून?"

"दहा घोड्यांची गाडी म्हणून," मी म्हटलं, आणि सवयीनं जरासा थांबलो. इथे लोक हसतात.

मिस्त्री हसले नाहीत. उठले आणि हातातला पाना त्यांनी शेडच्या टिनावर असा फेकून मारला की निंबावरचे कावळे उडाले. त्या माणसाला मी त्याआधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"चार दिवस! चार दिवस मी माह्या हाताले शिव्या देऊन राह्यलो, अन् तुमी इथं उभं राहून चहा पिऊन राह्यले! एक जाळी तुंबवली ते समजलं. अडाणी माणूस करते. बोल्ट तपासून राह्यलो तवा तुमचं तोंड कायनं तुंबलं होतं?"

मी तळहातावरची हळद धोतराला पुसली.

"शेटजीले माईत हाय?"

"नाही."

"त्याईनं माह्याबद्दल काय म्हटलं?"

मी सांगितलं नाही. पण मिस्त्रींना ते कळायला माझी गरज नव्हती. तसली वाक्यं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त ऐकली होती.

"जा. सांगून या," ते म्हणाले. "मी संगं येत नाई. मी काई तुमचा साक्षीदार नोहोय."

गेलो. शेटजी जिनच्या पेढीत पांढऱ्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. मी पोळ्यापासून ओहोळाच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. शेटजी ऐकत गेले आणि ऐकता ऐकता त्यांचं पोट हलायला लागलं. दहा घोड्यांपाशी ते आडवे झाले. मुनीम डोळे पुसायला लागला.

"वाहवा, वकीलसाहेब!" शेटजी म्हणाले. "तुमच्या गोष्टी आम्ही ऐकल्या होत्या, पण ही कमाल आहे. त्या माणसाला वाचवायला केवढी रचलीत! दिल मोठं आहे तुमचं."

"शेटजी, रचलेली नाही. खरं झालं आहे."

"हां हां. घोडे मोजले आणि मुठी मोजल्या!" आणि पुन्हा हसले.

माझ्या उभ्या जन्माची कमाई ती. इतक्या वर्षांत इतक्या जणांना हसवलं की खरं सांगायची वेळ आली तेव्हा ते कोणी घेईना. हसणारे ते दोघं आणि तळतळणारा मी. मुनिमाच्या डोळ्यांतलं पाणी बघून मला त्याची मान मुरगळावीशी वाटली, आणि त्या बिचाऱ्याचा तर काहीच दोष नव्हता.

मी टांगा केला, शेडवर गेलो, मिस्त्रींना न विचारता रेडिएटर उचलला आणि मांडीवर घेऊन परत आलो. कोट, धोतर, टांग्याची गादी, सगळं पिवळं. पेढीत शिरलो आणि तो रेडिएटर शेटजींच्या पांढऱ्या गादीवर पालथा करून दोन्ही हातांनी आपटला. चिखलाची ढेप पडली. मग दुसरी. पेढीभर हळदीचा आणि जळक्या लोखंडाचा वास.

शेटजी उडी मारून उभे राहिले. "काय करता हे?"

"आता वास घ्या," मी ओरडलो. "मिस्त्रींनी बांधलेलं इंजिन मी मारलं. तुम्ही रस्त्यावर त्यांच्याबद्दल बोललात आणि मी झाडं बघत बसलो. ह्या लोकांना डोक्यावर घेतलं की असं होतं, म्हणालात ना? मला घेतलं होतं तुम्ही डोक्यावर. ते लोक म्हणजे मी."

कोणी हसलं नाही. शेटजी त्या ढेपेकडे आणि मग माझ्या कोटाकडे बघत राहिले.

"त्या दिवशी का नाही बोललात?"

"भ्यालो."

"आणि आज?"

"आजही भितो आहे. पण आज राग जास्त आहे."

बाहेर फाटकाशी कापसाच्या पहिल्या गाड्या लागायला लागल्या होत्या. अमरावतीच्या मिस्त्रीचं अजून उत्तर आलेलं नव्हतं. शेटजी व्यापारी माणूस. त्यांनी मुनिमाला मिस्त्रींना बोलवायला धाडलं. मिस्त्री आले, दारातच उभे राहिले. शेटजी म्हणाले, "इंजिन बघून घे. आजपासून काम तुझं."

"पाहून घेतो," मिस्त्री म्हणाले. "पण इंजिनखोलीची किल्ली माह्याजवळ राहीन. अन् मले न इचारता कोणतं झाकण कोणी उघडाचं नाई. मालकानंबी नाई."

शेटजी म्हणाले, "ठीक आहे." किल्ली दिली. रस्त्यावर 'ह्या लोकांना' म्हणाले होते तो शब्द त्यांनी मागे घेतला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. गादीची खोळ मात्र लगेच धुवायला टाकली. मिस्त्रींनी तो हंगाम सांभाळला आणि पुढचे सहा हंगामही. गावानं बघितलं. निंबाखाली गिऱ्हाइकांची रांग परत लागली. फोटोचं नाव कोणी काढीना. आणि हे सगळं नीट लागलं म्हणून माझा राग उतरावा, तर तसं झालं नाही. एका चांगल्या कारागिराला आपला हात चांगला आहे एवढं सिद्ध करायला माझ्यासारख्या गाढवाची साक्ष का लागावी? ती साक्षही शेणासारखी गादीवर आपटल्याशिवाय कोणी का ऐकू नये?

दिवाळीनंतर मी शेडवर गेलो. माझी मोटार निंबाखाली हेडविना उभी होती, सिलिंडरांच्या चार भोकांवर फडकं बांधलेलं. मिस्त्री जिनमधून आले होते, हात केरोसिननं धूत होते. त्या दिवसानंतर आम्ही धड बोललो नव्हतो.

"मिस्त्री," मी म्हटलं, "मला माफ करा."

ते हात धूत राहिले.

"आणि गाडी," मी म्हटलं. "कधी जमलं तर. तुम्ही म्हणाल तेवढं थांबतो. तुम्ही म्हणाल तसं वागतो. तेल बघीन, प्लग पुशीन, पाणी गाळून घालीन."

मिस्त्रींनी हात पुसले. माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत, एखाद्या बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं बघितलं.

"वकीलसाहेब, तुमी सायकल घ्या," ते म्हणाले. "तिच्यात काई टाकाले जागा नसते."